झऱ्यापाशी टेकलेली बाई

प्रिय बाबा,

फोनवर तुम्ही गुडघ्याच्या दुखण्यापुढे सरकत नाही, आणि गुडघा संपला की फोन दादाच्या हातात देऊन मोकळे होता, म्हणून हे पत्र लिहिते आहे. हे तरी मध्येच दुसऱ्याच्या हातात देऊ नका. लहानपणी तुम्ही मला भुणभुण म्हणायचात ना? मग आता बसा ऐकत.

टेकडीवरचं उद्यान तुमच्या लोककथांच्या पुस्तकावर बेतायचं ठरलं आणि आराखड्याचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा मला आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू? पालिकेच्या उद्यान विभागात रस्त्यांमधल्या पट्ट्यांत झुडपं लावून लावून विटलेल्या बाईला अख्खी टेकडी मिळाली होती. पण टेकडीबरोबर समितीही मिळते, हे कुणी सांगितलं नव्हतं. अध्यक्ष, अभियंता आणि तुमच्या शाळेचे आताचे मुख्याध्यापक, असे तिघं. मुख्याध्यापक दर बैठकीला तुमचं पुस्तक घेऊन येतात, त्याला छान खाकी कव्हर घातलंय, आणि मी काहीही म्हटलं की पान काढून त्यावर बोट ठेवतात. पुस्तकात नाही ते उद्यानात नाही, असा नियमच झालाय. मागच्या बैठकीत नकाशावर स्वच्छतागृह दाखवलं, तर अध्यक्षांनी गंभीरपणे विचारलं की हे कोणत्या गोष्टीत येतं. सशाच्या गोष्टीतली चिंच हवीच, आणि ती गोष्टीतल्याइतकीच म्हातारी हवी, तीही उद्घाटनाच्या आत. मी कपाळाला हात लावला. आणि हे सगळं तुमच्यामुळे. प्रस्तावनेत ऐटीत लिहून ठेवलंय तुम्ही, की वाडीवस्तीवर हिंडून ऐकलं तसं लिहिलं, पदरचं काही घातलं नाही. आता त्या वाक्याला हे लोक कायद्यासारखे चिकटून बसलेत.

सगळ्यात जास्त डोक्याला ताप झालाय तो झऱ्याच्या बाईचा. झरा बुजतो, एक बाई तो मोकळा करायला टेकडीवर जाते, ती काही परत येत नाही, पण पाणी येतं, आणि पाणी वाहतंय तोवर समजायचं की बाई कामात आहे. इथल्या पोरासोरांना ही गोष्ट तोंडपाठ आहे. आमची भाजीवाली तर म्हणाली की तिच्या पणजीनेही ती ऐकली होती. मी भाजी घेऊन घरी आले, दुसरं काय करणार? तर पुस्तकात झरा कधी आटत नाही, म्हणून अभियंत्याने खाली टाकी आणि वर मोटार असा घाट घातलाय. बटण दाबलं की बाई कामाला लागणार. मी जीव तोडून सांगितलं की उन्हाळ्यात हा झरा आटतोच, त्याला आटू द्या, उघडा पडलेला खडकही बघण्यासारखा असतो, भेगांमधल्या ओलीला पाखरं येतात. मुख्याध्यापकांनी पानावर बोट ठेवलं.

मग पुतळा निघाला. तुम्ही फोनवर म्हणालात, छान, काम चालू ठेव. काय छान? रोपवाटिकेमागच्या शेडमध्ये मूर्तिकाराने मातीचा नमुना उभा केला आणि समिती पाहायला गेली. मूर्तिकार भला माणूस आहे, पण त्याला सांगणाऱ्यांनी जे सांगितलं ते त्याने केलं. कमरेवर घागर, केस वाऱ्यावर उडताहेत, मोठाले डोळे, आणि जाहिरातीतल्यासारखं हसू. टेकडी चढून आलेल्या बाईला इतकं हसू कशाचं येतं? सगळ्यांनी माना डोलावल्या आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "ती अशी नव्हती."

मुख्याध्यापक हसले. म्हणाले, "अहो बाई, लोककथा आहे ती. तुम्ही काय तिला पाहिलीत?" सगळेच हसले.

पाहिली होती हो, बाबा. पण मी मूग गिळून बसले, कारण तुम्ही मला तसं बसवून ठेवलंय. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. बाकी साऱ्या गोष्टी तुम्ही हिंडून गोळा केल्यात, ते मला मान्य आहे. ही एक मात्र पदरची आहे, आणि ती पहिल्यांदा ऐकणारी मी होते. आई दवाखान्यातून परत आली नाही, तेव्हा मी जेमतेम चार वर्षांची होते. ती कधी येणार म्हणून दिवसभर तुमच्यामागे भुणभुण लावली होती, आणि तुम्ही ओट्याशी पीठ मळता मळता मला ती टेकडीवरची बाई सांगितलीत. पीठ फारच सैल झालं होतं, तरी तुम्ही मळतच होता. त्यानंतर कितीतरी दिवस मी नळाला कान लावून बसायचे. पाणी आलं की आई कामात. उन्हाळ्यात नळ कोरडा पडला तेव्हा मी घर डोक्यावर घेतलं, तर तुम्ही म्हणालात, अगं, ती जरा टेकलीय, माणूस दमत नाही का? हे तेवढं पुस्तकात घालायचं राहिलं. पुस्तकातली बाई कधी टेकतच नाही. पुस्तक छापून आलं तेव्हा मी विचारलं होतं की आपली गोष्ट यात कशी, तर ती आता सगळ्यांची आहे, कुणाला सांगायचं नाही, म्हणून तुम्ही विषय संपवलात. मी आजवर ताकास तूर लागू दिली नाही. पण तुम्ही गाळलेल्या एका वाक्यापायी इथे मोटार बसतेय आणि आईच्या कमरेवर घागर येतेय, आणि तुम्ही मला गुडघ्याची गोष्ट सांगता. माझा खरंच संताप होतो, बाबा.

काल मी मूर्तिकाराला एकटं गाठलं. म्हटलं, घागर काढा, उभी नको, पहार बाजूला ठेवून खडकावर टेकलेली करा. ती टेकलेली दिसली तर उन्हाळ्यात मोटार बंद ठेवायचं मला निदान बोलता तरी येईल. आपल्याकडे आईचा एकच फोटो आहे, त्यात दिसतं तेवढं सगळं सांगितलं, बारीक मनगटं, कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या, किंचित कललेली मान. कोण होती ते मी सांगितलं नाही आणि त्यानेही विचारलं नाही. त्याने ओल्या मातीवरचं ते हसू अंगठ्याने पुसून टाकलं आणि विचारलं, चेहरा कसा करू? फोटोत तिने उन्हामुळे कपाळावर हात धरलाय आणि त्याची सावली ओठांपर्यंत आलीय, ते तुम्हाला माहीतच आहे. मी पुष्कळ आठवून पाहिलं. मला नळ आठवतो, ते सैल पीठ आठवतं, तुमचा आवाज आठवतो. आईचा चेहरा मला आठवत नाही. हे मी तुम्हाला आजवर कधी सांगितलं नव्हतं. मूर्तिकाराने मातीवर ओलं फडकं टाकून ठेवलंय, पण माती फार दिवस थांबत नाही. गुडघ्याला पट्टा बांधा, दादाला गाडी काढायला सांगा आणि या. समितीला काही सांगू नका हवं तर. फक्त मूर्तिकाराच्या शेजारी बसा आणि ती कशी दिसायची ते सांगा. मीही तिथेच बसेन.

तुमचीच,
भुणभुण