जुनी तपासणी बंद करताना

प्रिय चष्मिष,

सहा वर्षांनी लिहितेय, तेही हाताने. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, पण मुकाट्याने वाच. तू हल्ली मुलांना गणित शिकवतोस, असं कानावर आलं. इकडे तुझ्या टेबलावर प्रिंटर बसलाय आणि तोही तुझ्यासारखाच ऐन वेळी रुसतो. मला तुझी फार आठवण येते, हे आधीच सांगून टाकते.

ऑफिसची बातमी म्हणजे, ती जुनी तपासणी आम्ही बंद करतोय. तीच, जिला आपल्या प्रयोगशाळेचा प्रत्येक प्रोग्राम काम सुरू करण्याआधी विचारतो, डेटाबेसमधल्या रकान्यांची रचना मला माहीत असलेल्याच आवृत्तीची आहे ना? आणि ती नुसतं हो किंवा नाही म्हणते. नवी तपासणी आवृत्तीचा आकडाच हातात देते, जुळतो की नाही ते ज्याचं त्याने पाहायचं. जुनीला विचारणारे सदतीस प्रोग्राम निघाले. चार महिने मी एकेकाला नवीकडे वळवतेय आणि प्रत्येकाच्या मालकाच्या नाकदुऱ्या काढतेय. नमुने घेणाऱ्या बाईंचा, बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या छापणारा प्रोग्राम तर अकरा वर्षांचा. त्यांचं एकच, चालतंय ना, मग कशाला हात लावता? बदल केला त्या दुपारी त्या माझ्या खुर्चीमागून हलल्या नाहीत, जणू मी त्यांच्या बाळाला सुई टोचत होते. चिठ्ठ्या नीट छापल्या गेल्यावर मात्र त्यांनी स्वतः चहा आणून दिला.

असे छत्तीस वळले. सदतिसावा माझाच होता, रिपोर्ट साठवणारा. घरचंच काम, म्हणून मागे ठेवला होता.

ती सकाळ तू विसरला नसशीलच. तू रचनेत एक रकाना वाढवलास आणि दोनशे रुग्णांच्या रिपोर्टमधले आकडे एकेक घर सरकून बसले. साखरेचा आकडा मूत्रपिंडाच्या रकान्यात. एका निवृत्त शिक्षकांना विनाकारण दोन दिवस दवाखान्यात काढावे लागले. तू शेवटपर्यंत सांगत होतास, आवृत्तीचा आकडा मी वाढवला होता, तपासणीने 'नाही' म्हणायला हवं होतं. साहेबांनी तपासणीच्या नोंदी उघडल्या, त्यात 'नाही' कुठेच नव्हतं. सगळं खापर तुझ्या डोक्यावर फुटलं आणि महिन्याभरात तू राजीनामा दिलास. नोंदींमध्ये 'हो'सुद्धा नव्हतं, हे मात्र कुणाच्याच लक्षात आलं नाही.

परवा माझा प्रोग्राम नव्या तपासणीला जोडायला घेतला, तर तो एका ओळीवर अडला. नव्या पद्धतीत तिथे आकडा हवा होता आणि मी लिहून ठेवलं होतं, दोन सेकंदांत उत्तर आलं नाही तर 'हो' समजावं. शेजारी 'तात्पुरतं' असा शेरा आणि माझी आद्याक्षरं. चाचण्या करताना खोळंबा नको म्हणून घातलेली ओळ, काढायची राहून गेली. त्या सकाळी सर्व्हर रखडत होता. तपासणीने उत्तरच दिलं नाही आणि माझ्या प्रोग्रामने ते 'हो' धरून चालवलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा! अख्खं ऑफिस तुझ्या कामात खोट शोधत बसलं होतं. तुझं काही चुकलं नव्हतं रे.

काल साहेबांना ती ओळ दाखवली. उद्याच्या बैठकीत मी सगळ्यांसमोर सांगणार आहे आणि तुझ्यावरचा ठपका मागे घेतल्याचं पत्र तुला ऑफिसकडून येईल. त्यात चुकीबद्दल सगळं असेल, पण एक गोष्ट नसेल, आणि ती माझ्याकडूनच तुला कळावी म्हणून हे लिहायला बसले. त्या सकाळी तू माझ्या टेबलाशी येऊन म्हणाला होतास, तुझ्या बाजूने एकदा बघतेस का? थोड्या वेळाने मी सगळ्यांदेखत सांगितलं, बघितलं, माझं ठीक आहे. मी बघितलं नव्हतं. भीती वाटली, म्हणून फाइल उघडलीच नाही. ती ओळ मला परवा सापडली, पण हे मला सहा वर्षं माहीत आहे.

तुझीच,
कटकट