उरलेला तुकडा

४ जानेवारी
झोपेची गोळी सोडायची. ठरलं. हे गेल्यापासून घेतेय, पण सवय म्हणून नव्हे, सोबत म्हणून. मुलगी म्हणते, गोळी सुटेपर्यंत नातीला तुझ्या एकटीच्या भरवशावर ठेवणार नाही. डॉक्टर म्हणाले, एकदम बंद करू नका हं आजी, झटका येऊ शकतो. महिनाभर पाऊण गोळी, मग बघू. आजी म्हणे. स्वतःचं टक्कल बघावं.

६ जानेवारी
सुरीने गोळी कापली. पाऊणच घेतली. उरलेला तुकडा बशीत केविलवाणा दिसत होता. कॉन्व्हेंटच्या शाळेत सिस्टर पानात कण टाकू द्यायच्या नाहीत. दुपारी चहाबरोबर घेऊन टाकला. तो औषधात धरायचा नाही.

२० जानेवारी
रोज तसंच. काही त्रास नाही. इतरांना म्हणे दरदरून घाम फुटतो. मनोनिग्रह लागतो, तो आम्हाला कॉन्व्हेंटमध्ये फुकट मिळायचा.

४ फेब्रुवारी
डॉक्टरांना सांगितलं, पाऊण गोळीवर ठणठणीत आहे. खूश झाले. मुलगी फोनवर म्हणाली, आई, तू ग्रेट आहेस. तुकड्याचा विषय निघाला नाही. शरीर इतकं तयार असताना आता अर्धी, मग पाव कशाला करत बसायचं? रविवारी ती बाळाला घेऊन येतेय. आजपासून पूर्ण बंद. तुकडासुद्धा.

७ फेब्रुवारी
झोप नाही. हात थरथरतात; हवा गार आहे. संध्याकाळी आतल्या खोलीत हे खोकले. तोच, रुमालात दाबलेला खोकला. विचारलं, खिडकी लावू का?

८ फेब्रुवारी
हे खुर्चीत बसलेत. दाढी वाढलीय. माझ्याकडे बघत नाहीत. इतकी वर्षं मी झोपून काढली, रागावले असतील.

९ फेब्रुवारी, रविवार
मुलगी दूध गरम करत होती, बाळ माझ्याकडे. ह्यांनी हात पुढे केले. नातीला कधी घेतलंच नव्हतं त्यांनी. मी दिली.
मुलीने तिला कसं झेललं कुणास ठाऊक. ओरडली नाही. नुसतं म्हणाली, आई, खुर्ची रिकामी आहे.

१८ फेब्रुवारी
काल हॉस्पिटलमधून घरी. डॉक्टरांना तुकड्याचं सांगितलं. ते म्हणाले, पुन्हा पूर्ण गोळी, आणि अगदी सावकाश कमी करू, वर्ष लागलं तरी चालेल. कापायची वेळ आली की गोळ्या मुलगी कापणार, उरलेलं घेऊन जाणार. हे काही परत आले नाहीत.
ती बाळाला पलंगावर ठेवते आणि आम्हा दोघींच्या मधे बसते. जरा अडचण होते. पण तिला लहानपणापासूनच माझ्याजवळ बसायला आवडतं.