आजचा गुणाजी

९ जानेवारी १९८४
सरकारला आमची आठवण आली! संप फसला, गिरणीला टाळं लागलं, त्यालाही काही महिने झाले — तेव्हा कुठे पत्र. ‘मंदीग्रस्त गिरणी कामगार पुनर्वसन प्रशिक्षण’. नावातच दम लागला. साकीनाक्याच्या एका वर्कशॉपात अडीच महिने मोटर रिवायंडिंग शिकायचं. म्हणजे जळालेल्या मोटरमधली तांब्याची तार काढून नवी भरायची. पास होईल त्याला तिथेच नोकरी. यादीत माझं नाव आहे — गुणाजी परब, विणकर, बावीस वर्षं.

बाळाचं नाही. माझ्याच गावचा, अकरा वर्षं त्याच गिरणीत. पण बदली कामगार — कुणी खाडा केला तर त्याच्या जागी उभा राहायचा. खिडकीवरचे साहेब त्याला म्हणाले, “तुम्हाला कायम काम नव्हतंच. मग गेलं काय?”

अशी वाक्यं मी गिरणीच्या गणपतीत नाटुकल्यांत घालायचो. लोक हसायचे. बाळा हसला नाही. त्याची बायको प्रेमा पोर घेऊन गावी गेलीय. तिला परत कशी आणायची, एवढंच त्याच्या डोक्यात.

२३ जानेवारी
उद्घाटन. साहेबांचं भाषण — “मंदी तात्पुरती आहे.” तेवढ्यात पंखा बंद पडला. दुरुस्त करायला अजून कुणी शिकलेलं नव्हतं!

मी शिकणार. पंचेचाळिसाव्या वर्षी पाटी-पेन्सिल तर पाटी-पेन्सिल.

६ फेब्रुवारी
नाचक्की! तार तुटली आणि हातानं आपसूक विणकराची गाठ मारली. बटण दाबलं — धूर. आठवड्यातली ही तिसरी मोटर. शिकवणारे फिलिप मास्तर मरोळ गावठाणातले, माझ्याच वयाचे. डोक्याला हात लावून म्हणाले, “अरे बाबा, ती तार हाय, सूत नाय!”

कळतं मला. बोटांना कळत नाही. बावीस वर्षं सूत तुटलं की गाठ. डोक्याला कुणी विचारलंच नाही.

१४ फेब्रुवारी
तापानं दोन खाडे झाले. तिसऱ्याला नाव कापतात. आज कण्हत कण्हत दुपारी पोचलो, तर हजेरीत मी हजर! माझ्या जागेवर बाळा — रोज माझ्याबरोबर येऊन खिडकीतून काम बघत उभा राहायचा तो.

“नाव पुकारल्यानी, कोण ओ देयना. मगे मीच गेलंय आत.”

अकरा वर्षांची सवय! त्यानं भरलेली मोटर मांजरासारखी गुरगुरत होती. मास्तरांनी त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. म्हणाले, “आजचा गुणाजी बरा हाय.” आणि चहाला गेले.

बाळाला कुठल्याच खात्यानं कायम ठेवलं नाही. म्हणून त्याच्या बोटांना कुठलीच खोड लागली नाही.

२७ फेब्रुवारी
अर्ज केला — बदली कामगारांनाही घ्या. साहेब म्हणाले, “योजनेत बसत नाही.”
म्हटलं, “योजना थोडी सरकवा. बसेल.”
हसले नाहीत. उद्या दुसरा अर्ज.

१९ मार्च
अर्ज सात झाले. उत्तर एकच, शिक्के वेगवेगळे. सरकारला माणूस नको, नाव हवंय. ठीक. नाव माझ्याकडे आहे! उद्यापासून वर्गात आणि परीक्षेलाही बाळा बसेल. नोकरी लागली तर तीही त्याची.

बायकोला सांगितलं. सुगंधा विकायच्या डब्यांच्या चपात्या लाटत होती. लाटणं थांबलं.
“आणि तुम्ही काय करणार?”
“तुझे डबे पवईला पोचवीन.”
“नाव देऊन येणार? मग मी कोणाची बायको, तेपण विचारून या साहेबांना!”

संध्याकाळी बाळाच्या ताटात बांगड्याचं तिकलं वाढताना मात्र म्हणाली, “नापास झालास तर बघ हां. नाव आमच्या घरचं आहे.”

६ एप्रिल
गुणाजी परब पहिला आला!
मी बाहेर टपरीवर चहा पीत होतो.

परीक्षेला आलेल्या नव्या साहेबांनी पाठ थोपटली म्हणे — “पंचेचाळीस? वाटत नाही हो!” चौतीस वर्षांचा बाळा म्हणाला, “बायकोच्या हातचा जेवण, साहेब.” हे ऐकून सुगंधा पहिल्यांदा हसली. मला जरा लागलंच. कुठे, ते लिहीत नाही.

२२ एप्रिल
प्रेमा आली, पोर कडेवर घेऊन. पाया पडायला वाकली. म्हटलं, “ऊठ गं. गुणाजी परबाची बायको कोण, यावर घरात आधीच वाद चालू आहे.”

मी डबे पोचवतो. पण तार सोडलेली नाही. बाळा दर रविवारी मला जुन्या मोटरवर शिकवतो. मास्तरांच्या दुप्पट शिव्या देतो! आजही तार तुटली. आजही गाठ बसली.
पुढच्या रविवारी परत बसणार.

७ मे
बाळाला ताप. नोकरी नवी, खाडा चालायचा नाही. मी गेलो.

गेटवर मास्तरांनी विचारलं, “आज कोण?”
म्हटलं, “गुणाजी परबांचा बदली.”

दुपारी तार तुटली. गाठ मारली नाही.