धुतलेलं नाणं आणि गुरुवारचं बुकिंग

मी, ऋजुता श्रीधर ओगले, वय एकोणतीस, व्यवसाय नोकरी, राहणार डोंबिवली पूर्व, आज सकाळी चहा झाल्यावर, डोकं ठिकाणावर असताना आणि कोणीही मागे लागलेलं नसताना माझं मृत्युपत्र लिहीत आहे. याआधी मी असं पत्र केलेलं नाही. हे पहिलंच आहे.

१. कारण. येत्या गुरुवारी ठाण्याच्या एका हॉस्पिटलात माझ्या गळ्यातली थायरॉइडची गाठ काढायची आहे. काळजीचं काहीच नाही, असं डॉक्टरांनी तीनदा सांगितलं. एकदाच सांगितलं असतं तर मला जास्त बरं वाटलं असतं. आई म्हणते, "अगं, गाठ काढायला चालली आहेस की काशीला?" पण मी नौपाड्यात एका सीएंच्या ऑफिसात काम करते. मृत्युपत्र न करता गेलेल्या माणसांच्या घरचे लोक कागद घेऊन या खिडकीवरून त्या खिडकीवर कसे हिंडतात, ते मी रोज बघते. माझ्या घरच्यांवर ती वेळ येऊ नये.

२. या पत्राची अंमलबजावणी माझी आई सौ. शुभदा हिने करावी. आमच्या घरात फॉर्मवरच्या सूचना शेवटपर्यंत वाचून मग पेन उचलणारी, मला सोडलं तर, ती एकटीच आहे.

३. राहतं घर माझं नाही, भाऊंचं आहे. भाऊ म्हणजे माझे वडील. घरीदारी सगळे त्यांना भाऊच म्हणतात, आम्ही मुलंसुद्धा. घरावर माझं नाव गुपचूप चढलं आहे, अशी शंका सोसायटीच्या सेक्रेटरींनी जिन्यात बऱ्याच जणांना बोलून दाखवली. चढलेलं नाही. माझ्या मागे त्यांना माझ्याकडून एवढा खुलासा मिळावा. दुसरं काही देऊ नये.

४. बँकेतली शिल्लक आणि प्रॉव्हिडंट फंड आई आणि भाऊ यांना निम्मा निम्मा. दोन्हीकडे नॉमिनी म्हणून एकट्या आईचं नाव आहे. नॉमिनी हा मालक नसतो, तो फक्त सांभाळणारा असतो, हे मी क्लायंटना रोज सांगते, म्हणून घरीही सांगते. आई, तू निम्मं देशीलच. तरी लिहिलेलं बरं.

५. माझी स्कूटर माझा मोठा भाऊ साकेत, म्हणजे दादा, याला. तो कळव्याहून आला की ती घेऊन जातो आणि टाकी कोरडी करून आणून लावतो. विचारलं तर म्हणतो, "अरे यार, तुझ्याच गाडीला सवय लावतोय काटकसरीची." आता त्याने तीत स्वतः पेट्रोल घालावं. हेल्मेटसकट दिली आहे.

६. नाणी.

हे कलम लांबेल, कारण माझ्याकडे दुसरं सांगण्यासारखं काही नाही.

एखाद्या थोर माणसाच्या किंवा संस्थेच्या स्मरणार्थ टाकसाळ मोजकी नाणी काढते. ती बाजारात फिरण्यासाठी नसतात, जपून ठेवण्यासाठी असतात. ज्या दिवशी निघतात त्याच दिवशी घ्यावी लागतात. भाऊ एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कारखान्यात प्रयोगशाळेत होते. नाणं निघायच्या दिवशी ते रजा टाकून फोर्टला टाकसाळीच्या विक्री खिडकीपुढे रांगेत उभे राहायचे आणि मला बरोबर न्यायचे. शाळेत माझं पोट दुखत असल्याची चिठ्ठी जायची. चिठ्ठी भाऊ लिहायचे, पण घाम मला फुटायचा.

अक्षरं मी शाळेत शिकले. हात कसे वापरायचे ते घरी शिकले. नाणं कडेने धरायचं, त्याच्या तोंडाला बोट लावायचं नाही. सुती हातमोजे घालायचे. खाली मऊ कापड अंथरायचं, म्हणजे सुटलं तरी लागणार नाही. आणि उघड्या नाण्यावर बोलायचं नाही. बोलताना थुंकीचा बारीक कण उडतो, तो डोळ्याला दिसत नाही, पण वर्षभरात तिथे डाग धरतो. म्हणून आमच्या घरी नवीन नाणं आलं की जेवणाच्या टेबलाभोवती सगळे गप्प. आई त्याला "भाऊंचं मौनव्रत" म्हणायची आणि स्वयंपाकघरातून मुद्दाम विचारायची, "आमटीत गूळ घालू का?" भाऊ मानेनेच हो म्हणायचे. तिला ते दिसायचं नाही, मग ती घालायची नाही, आणि जेवताना भाऊ म्हणायचे, "मी हो म्हटलं होतं."

पुढे रांग गेली आणि वेबसाइट आली. बुकिंग अमुक दिवशी अमुक वाजता उघडतं आणि देशभरातले लोक एकदम तुटून पडतात. माझं वेगळं खातं मी नोकरी लागल्यावर उघडलं, पण भाऊंच्या खात्याचा ओटीपी येतो भाऊंच्या फोनवर, आणि भाऊंचा चष्मा सापडेपर्यंत ओटीपीची मुदत संपते. म्हणून आम्ही दोघं शेजारी बसतो. मी फोन दोन्ही हातांत धरून आकडे वाचते आणि टाकते. भाऊ काही करत नाहीत. ते फक्त म्हणतात, "घाई नको." मला त्याचा उपयोग होतो.

माझ्या पगारातून आणि माझ्या खात्यावरून घेतलेली सगळी नाणी, त्यांच्या डब्या, भिंग, हातमोजे आणि ओल शोषणाऱ्या पुड्यांसकट मी भाऊंना देते. पुड्या पावसाळ्याआधी बदलाव्यात. ठाण्याच्या प्रदर्शनात भेटणारे एक गृहस्थ आहेत. माझ्या ऑपरेशनचं कानावर जाताच त्यांनी फोन केला आणि, "मॅडम, तब्येत सांभाळा. आणि कलेक्शनचं काही ठरलं तर मी एकदम उचलतो," असं एका श्वासात सांगितलं. त्यांना काहीही विकू नये. चहा विचारावा.

७. धुतलेलं नाणं.

एक नाणं मी वरच्या नाण्यांतून वेगळं काढते. शंभर रुपयांचं, चांदीचं, प्रूफ. प्रूफ म्हणजे ज्याचं तोंड आरशासारखं केलेलं असतं आणि जे बंद डबीतून कधीच काढायचं नसतं. ते माझी वहिनी सौ. रसिका हिला द्यावं.

कारण सगळ्यांना माहीत आहे, पण प्रत्येकाला अर्धंच माहीत आहे, म्हणून पूर्ण लिहिते.

तीन वर्षांपूर्वी रसिकावहिनीची आमच्या घरातली पहिली दिवाळी होती. तिचं माहेर आंबिवलीचं. तिच्याकडे लक्ष्मीपूजनाला चांदीचं नाणं चिंचेने घासून, पंचामृताने न्हाऊ घालून, हळदकुंकू लावून चौरंगावर ठेवतात. लक्ष्मीला घरातलं सगळ्यात चांगलं द्यायचं असतं. तिने कपाट उघडलं, सगळ्यात चांगलं निवडलं आणि सुरीच्या टोकाने डबी उघडली. निवड अचूक होती, हे कोणी लक्षात घेतलं नाही. आम्हाला तिने बोलावलं तेव्हा रांगोळी काढलेली होती, निरांजन लावलेलं होतं आणि ते नाणं चौरंगावर लखलखत होतं. ती आमच्या तोंडाकडे बघत होती, छान म्हणतील म्हणून.

भाऊ म्हणाले, "हे काय केलंस? गेलं नाणं."

एवढ्यावर थांबले असते तर भागलं असतं. ते पुढे म्हणाले, "तुमच्याकडे वस्तूची किंमत कळत नाही."

दादा म्हणाला, "तुमच्याकडे म्हणजे कुठे, भाऊ? ती आता याच घरात राहते ना?"

पूजा झाली. करंज्या कोणी खाल्ल्या नाहीत. तुळशीच्या लग्नाच्या सुमारास दादा-वहिनी कळव्याला भाड्याच्या जागेत गेले. तेव्हापासून भाऊ आणि दादा माझ्यामार्फत बोलतात. "त्याला विचार, गावाहून मुंजीचं बोलावणं आलंय, जाणार का." "त्यांना सांग, बघतो." दादा घरी येतो, आईच्या हातचं जेवतो, भाऊंच्या समोरच्या खुर्चीत बसतो, आणि दोघं मला विचारतात. वहिनी जिना चढून वर आलेली नाही.

माझं मत असं आहे. नाणं बिघडलं, हे खरं आहे. तो आरसा एकदा घासला की परत येत नाही, आणि संग्राहक त्याला आता हात लावणार नाही. पण भाऊ जे बोलले तेही परत घेता येत नाही. मी ते नाणं भिंगाखाली अनेकदा पाहिलं आहे. अक्षरांच्या खाचेत अजून हळद आहे. पूर्ण संग्रहात कोणी नमस्कार केलेलं नाणं तेवढं एकच. ते तिला द्यावं आणि देताना कोणी काही समजावून सांगू नये.

८. गुरुवारचं बुकिंग.

नवीन नाण्याचं बुकिंग याच गुरुवारी सकाळी अकराला उघडणार आहे. मला ऑपरेशनलाही अकराचीच वेळ मिळाली आहे. मी ती बदलून मागितली. रिसेप्शनवरच्या बाईंनी कारण विचारलं, आणि मला ते सांगता आलं नाही. आई माझ्याबरोबर असेल. भाऊ घरी एकटे फोन धरून बसतील, चष्मा शोधतील, आणि नाणं जाईल. त्यांनी एकही नाणं कधी चुकवलेलं नाही. चुकलं तर ते काही बोलणार नाहीत, आणि मला तेच नको आहे. म्हणून माझ्या जागी साकेत याने भाऊंच्या शेजारी बसून बुकिंग करावं. मी नसल्यास यापुढची सगळीही त्यानेच करावीत. ही माझी या पत्रातली मुख्य इच्छा आहे. बाकी सगळं मागेपुढे झालं तरी चालेल.

पुरवणी, रविवार संध्याकाळ.

वरचा मजकूर मी आज भाऊंना वाचून दाखवला. एकदा वाटलं, सातवं कलम गाळून वाचावं. पण मग ते वाचून दाखवणं झालं नसतं.

ते डोळे मिटून ऐकत होते. सातवं संपल्यावर म्हणाले, "हे खोड."

मी म्हटलं, "भाऊ, तीन वर्षं झाली. आता तरी."

"खोड म्हणतोय ना. ते नाणं माझ्या खात्यावरून आलंय. तुझं नाही, तर तू देणार कशी? सीएकडे काम करतेस ना?"

ते बरोबर होतं. माझ्यासारखीने ही चूक करायला नको होती. मी खोडलं. मला रडू येत होतं आणि डॉक्टरांनी गळ्याला ताण देऊ नका म्हटलं आहे, म्हणून मी आठवं वाचायला घेतलं.

ते संपल्यावर भाऊंनी डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "ऋजू, मृत्युपत्र कधी वाचतात?"

"माणूस गेल्यावर."

"आणि बुकिंग कधी आहे?"

आई स्वयंपाकघरात इतकी हसली की तिला ठसका लागला. "अहो, तुमचीच लेक! गुरुवारचं काम मेल्यावर सांगणार होती!"

मी पुन्हा वाचून पाहिलं. खरंच तसं होतं. मग मी म्हटलं, "मी दादाला फोन करते. तुमचा काय निरोप सांगू?"

"निरोप नको. नंबर लावून दे," भाऊ म्हणाले. "त्याचा नको. रसिकाचा."

मी लावून दिला आणि स्पीकर चालू केला, कारण भाऊंना तो बंद कसा करायचा ते माहीत नाही.

"रसिका, मी बोलतोय. भाऊ."

तिकडे काही तरी खाली ठेवल्याचा आवाज आला. "भाऊ? ऋजुता बरी आहे ना?"

"बरी आहे. मृत्युपत्र लिहितेय. तुझ्याकडे काम होतं. गुरुवारी अकराला एक नाणं निघतंय. ऋजू हॉस्पिटलात असेल. तू बुकिंग करशील का?"

"मी?" ती म्हणाली. मग म्हणाली, "नको, भाऊ. माझ्या हातून परत काही झालं तर? तुम्ही साकेतला सांगा."

"तुझ्याच हातून व्हायला हवंय. दोन माग. एक माझ्या कपाटात राहील, डबीत. दुसरं तुझं. ते घास, न्हाऊ घाल, कुंकू लाव, काय तुझ्याकडे करतात ते सगळं कर." मग त्यांनी घसा साफ केला. "मी त्या दिवशी 'तुमच्याकडे' म्हणालो. ते म्हणायला नको होतं. नाण्याचं राहू दे. ते पहिलंही तुझंच. गुरुवारी देतो."

मग दादाचा आवाज, लांबून, "कोण आहे गं?"

"भाऊ आहेत."

"कोणासाठी?"

"माझ्यासाठी," वहिनी म्हणाली. त्या एका शब्दात तिने बरंच काही वसूल केलं.

दादा जवळ आला असावा. "त्यांना सांग, डोंबिवलीत नेट धड नसतं. आपल्याकडे फायबर आहे. त्यांनी इकडेच यावं. म्हणजे मग बुकिंग झालं की खाडी ओलांडून हॉस्पिटलात जाता येईल. मी सोडतो."

भाऊ मला म्हणाले, "त्याला सांग, येतो."

मी म्हटलं, "भाऊ, स्पीकर चालू आहे. त्याला ऐकू येतंय."

भाऊ थोडे गोंधळले. मग फोनच्या अगदी जवळ तोंड नेऊन, उघड्या नाण्यावर कधी बोलले नसते इतक्या जवळून, म्हणाले, "साकेत, येतो रे. दहाला पोचतो."

"नऊला या," दादा म्हणाला. "नाश्ता करू."

सबब, कलम सात रद्द, कारण ती वस्तू माझी नव्हती आणि मालकाने ती देऊन टाकली आहे. कलम आठ रद्द, कारण त्याची व्यवस्था हयातीतच झाली. दोन्ही ठिकाणी खोडून मी बाजूला सही केली आहे. बाकीची कलमं कायम. भाऊ म्हणतात, आता सगळंच फाडून टाक. मी फाडणार नाही.

एक सूचना मात्र वाढवते. ती मृत्युपत्रात बसत नाही, हे आता मला कळतं, तरी साक्षीदारांसमोर लिहिते, म्हणजे कोणी विसरणार नाही. गुरुवारी मी शुद्धीवर आले की मला काही दिवस बोलू देणार नाहीत. मी विचारेपर्यंत थांबू नये. नाणं मिळालं की नाही आणि नाश्त्याला काय केलं होतं, दोन्ही मला लगेच सांगावं.

हे पत्र मी स्वतः लिहिलं, वाचलं, आणि खालील दोघींनी एकमेकींच्या देखत व माझ्या देखत सही केली. दोघींनाही यातून काही मिळणार नाही, याची मी खात्री करून घेतली आहे.

सही: ऋजुता श्रीधर ओगले

साक्षीदार १: योगिनी अभय रानडे, ऑफिसातील सहकारी, राहणार ठाणे पश्चिम

साक्षीदार २: दर्शना विलास म्हसकर, शेजारी, राहणार डोंबिवली पूर्व

ठिकाण: डोंबिवली
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२५