अठ्ठावीस इंचांची गाडी

आदरणीय व्याहीबुवा यांस,

सविनय नमस्कार. पत्राच्या आरंभीच 'विनंती विशेष' लिहिण्याचा प्रघात आहे. परंतु येथे विशेष बरेच साचल्यामुळे विनंती शेवटाकडे ठेवली आहे, ती कृपया तेथेच शोधावी. आपली कंबर कशी आहे? जिन्यावरून घसरल्यापासून आपण बसमध्येही चढत नाही, असे सूनबाईकडून (म्हणजे आपल्या कन्येकडून) कळले. काळजी घ्यावी. वयोमानाप्रमाणे असे व्हायचेच. इकडे सर्व क्षेम आहे. माझे गुडघे उत्तम आहेत. (कोणी विचारले नव्हते, तरी नोंद असावी.)

आमची जुनी गाडी सहा माणसांना पुरत नाही, हा शोध चिरंजीवांना गेल्या महिन्यात लागला. मी गेली चार वर्षे दोन नातवंडांच्या कोपरांमध्ये बसून प्रवास करीत आहे. पण अनुभवापेक्षा शोधाला मान अधिक. आता एक उंच, सात आसनांची, खडकाळ वाटेला न बिचकणारी एसयूव्ही घ्यायची आणि दर पंधरवड्याला डोंगरापलीकडच्या तळ्याकाठी तंबू ठोकून राहायचे, असा बेत आहे. तंबू गाडीच्या आधीच आला असून तो सध्या माझ्या पलंगाखाली नांदतो. बेत ऐकून मी मनातल्या मनात पिशवी भरायला घेतली होती, इतक्यात चिरंजीव मोठ्या मायेने म्हणाले, "नाना, त्या उंच गाडीत तुम्हाला चढउतार झेपायची नाही. तुम्ही आपले घरी निवांत राहा. शेजारच्या काकू लक्ष ठेवतील." व्याहीबुवा, अडतीस वर्षे छापखान्यात मुद्रितशोधन करून जगाच्या चुकांवर ज्याने लक्ष ठेवले, त्याच्यावर आता शेजारच्या काकू लक्ष ठेवणार! मी शांतपणे एवढेच म्हणालो की, गाडीची निवड माझ्या देखरेखीखाली होईल. आणि त्याच दुपारी बत्तीस प्रश्नांचा एक तक्ता आखला.

पहिल्या विक्रीदालनात गाडीपूर्वी माहितीपत्रक हाती आले. त्यात अकरा चुका होत्या. मी त्या लाल शाईने दुरुस्त करून पत्रक परत केले, तेव्हा विक्रेता म्हणाला, "काका, गाडी बघा ना, कागद काय बघताय?" ज्यांना ऱ्हस्वदीर्घ सांभाळता येत नाही, त्यांच्या ब्रेकवर माणसाने विसंबावे तरी कसे? ती गाडी बाद केली. (तिच्या दारातील उंबरठा माझ्या मांडीला भिडत होता, हा मुद्दा मी चर्चेस आणला नाही.) दुसरी गाडी त्या मानाने बुटकी होती, परंतु तिच्या शेवटच्या रांगेत जाण्यासाठी मधले आसन दुमडून अक्षरशः रांगावे लागे. नात शिरली, नातू शिरला, मग चिरंजीवही शिरले. ते मात्र लवकर बाहेर येईनात. त्यांना दोन विक्रेत्यांनी ओढून काढेपर्यंत मी तक्त्यावर फुली मारून ठेवली होती.

तिसरी गाडी साऱ्यांना आवडली. शेवाळी रंगाची, दालनाच्या मधोमध दिव्यांच्या झोतात उभी. मंडळी एकामागून एक वर चढली. नातवंडे मागे सामानाच्या जागेत मांडी घालून बसली. आमच्या हिने पुढचे आसन पटकावून "मला आता थेट तळ्यावरच उतरवा" असे जाहीर केले. सूनबाईने आसने दुमडून तंबू, चार खुर्च्या आणि शेगडी मावेल का याचा अंदाज घेतला. मी विचारले, माणसे सहा, तर सातवी जागा कोणाची? सूनबाई नुसती हसली. विक्रेता म्हणाला, "आजोबा, बसून तर बघा!" मी त्यास सांगितले की, कोणतीही वस्तू आधी बाहेरून पाहावी. मग खिशातील पोलादी पट्टी काढून, जेथे उभा होतो त्या फरशीपासून दारातील उंबरठ्यापर्यंतचे अंतर मोजले. अठ्ठावीस इंच.

आता एक गोष्ट केवळ आपणांस सांगतो. आठवडाभर मी खोलीचे दार लावून सराव करीत होतो. बारा इंचांचे स्टूल, सहज. सोळा इंचांची ट्रंक, कपाटाचा आधार घेऊन. वीस इंचांचा पलंग, देवाचे नाव घेऊन. अठ्ठावीस इंचांची वस्तू घरात एकच, ती म्हणजे जेवणाचे टेबल; आणि त्यावर चढताना सापडलो असतो, तर प्रश्न गुडघ्यांचा न राहता डोक्याचा झाला असता. म्हणून मी तेथल्या तेथे निकाल दिला की, या गाडीचा रंग डोळ्यांना सौम्य नाही.

मंडळी मुकाट्याने खाली उतरली. परतताना नात म्हणाली, "आजोबा, तुमच्या बत्तीस प्रश्नांत रंग कुठे होता?" (मुलीची नजर माझ्यावर गेली आहे, हे त्या क्षणी प्रथमच गैरसोयीचे वाटले.) तेव्हापासून घरात तळ्याचे नाव कोणी काढत नाही. तंबू पलंगाखाली गुंडाळलेला पडून आहे आणि मी वर झोपतो. हे मला शोभत नाही, एवढे मला कळते.

असो. शाई आणि आपला संयम दोन्ही मोजकेच असणार, म्हणून आवरतो. लोभ आहेच, त्यात घट नसावी.

आपला,
सूनबाईचा सासरा

ता. क. १ : विनंती ही. आपण सुतारकाम सोडले असले, तरी रंध्याने आपला हात सोडलेला नाही, हे मी जाणतो. चौदा इंच उंचीची, रुंद बैठकीची, न डगमगणारी एक लाकडी पायरी करून द्यावी. ती 'नातवंडांना तळ्याकाठी गळ टाकून बसण्यासाठी' म्हणून पाठवावी. वर एखादा मासा कोरावा, म्हणजे संशय येणार नाही.

ता. क. २ : चौदा नव्हे, दहा. आज सकाळी एकटाच पुन्हा त्या दालनात गेलो होतो. ती गाडी गालिचा अंथरलेल्या आठ इंच उंचीच्या चौथऱ्यावर उभी आहे. त्या दिवशी मंडळी चौथऱ्यावर होती. मी खाली उभा राहून मोजत होतो. गाडी अवघी वीस इंचांची निघाली. अडतीस वर्षांत ज्याच्या नजरेतून एक अनुस्वार सुटला नाही, त्याच्या नजरेतून अख्खा चौथरा सुटला! रंगही पुन्हा पाहिला. सौम्य आहे. आता दिलेला निकाल घरात कोणत्या तोंडाने फिरवावा, ते सुचत नाही. हे पत्र कोणासही दाखवू नये. पाकीट टपालात टाकण्यासाठी सूनबाईकडे देत आहे.

ता. क. ३ : बाबा, मी लिहितेय. नानांनी पाकीट उघडंच दिलं. तिकीटसुद्धा पट्टी लावून सरळ चिकटवणारा माणूस डिंक लावायला विसरेल, असं वाटतं तुम्हाला? म्हणून वाचलं. गाडी अजून घेतलेली नाही, आणि नाना आत बसल्याशिवाय घेणारही नाही. ट्रंकेवरच्या सरावाचा धाडधाड आवाज रोज स्वयंपाकघरापर्यंत यायचा. 'घरी निवांत राहा' म्हणणाऱ्यांना मी काय बोलायचं ते बोललेय. आता तुमचं. पायऱ्या दोन करा, दोन्ही दहा इंचांच्या. सातवी जागा तुमची आहे, आणि "मला गाडी लागते" हे तुम्ही जिन्यावरून घसरल्यापासूनच का म्हणायला लागलात, तेही मला ठाऊक आहे. मासा मात्र एकाच पायरीवर कोरा. नाहीतर कुणाची कुठली, यावरून तुम्ही दोघं तिथं वाद घालत बसाल आणि आम्ही गाडीत ताटकळत.