नाव बदलले आहे

नलूताई,

माझा रविवारचा लेख वाचून तू फोनवर रडलीस. मोबाइलवर रमी खेळून कर्जात बुडालेला, बायकोच्या बांगड्या गुपचूप विकणारा बोरिवलीचा कारकून सहदेव. "त्याला घेऊन ये रे सुबोध. मुलुंडला ओळखीचे डॉक्टर आहेत, ही सवय सोडवतात." मी म्हटलं, "विचारतो."

ताई, लेखाखाली 'नाव बदलले आहे' असं छापतात ना, तिथे मी पेशाही बदलला. तो कारकून नाही, पत्रकार आहे. जुगाराविरुद्ध पोटतिडकीने लिहितो आणि मिळालेलं मानधन रमीतच घालवतो. याही लेखाचं गेलं. संपादक मात्र खूश: "झकास! अगदी आतून लिहिलंयस, यार."

बांगड्या माधुरीच्या. ती माझे लेख वाचत नाही, तेवढंच नशीब. पण तुझ्या अक्षताच्या साखरपुड्यात घालायला म्हणून शनिवारी ती लॉकर उघडणार आहे.

एवढं लिहिलं आणि तुझा मेसेज आला: 'शुक्रवारी चारची वेळ मिळालीय. पेशंटचं खरं नाव कळव.'

खरं नाव तीनदा टाइप करून पुसलं. शेवटी 'सहदेव'च कळवलं.

हे पत्र पाठवायचा धीर नाही. पण शुक्रवारी दवाखान्याच्या दारात मी एकटाच आलेला दिसलो, तर तो कुठेय असं विचारू नकोस.

तुझा, नाव न बदललेला,
सुबोध