हिच्या लेकी आणि अध्यक्षांची बाग

१२ एप्रिल

आजपासून मी बिनपगारी नोकर! घड्याळदुरुस्तीचं दुकान पुतण्याच्या हवाली करून दोन महिने झाले नाहीत, तोच हिने मला कामाला जुंपलं. प्रयोगशाळेतली हिची मदतनीस बाळंतपणाच्या रजेवर गेली आणि विद्यापीठ बदली माणूस देत नाही. "अहो, तुमचा हात स्थिर आहे, डोळ्याला भिंग लावून बसायची सवय आहे, आणि घरी नुसते बसून माझं डोकं खाता." तिन्ही कारणं खरी. गेलो.

हिची खोली इमारतीच्या पार मागच्या टोकाला. एकच खिडकी. मांडण्यांवर बरण्या, बरण्यांत कोंडा, कोंड्यात पतंगाच्या अळ्या. पिठात किडे झाले तर लोक पीठ फेकतात. आमची ही मुद्दाम किडे करते. त्या पतंगांची अंडी गोळा करायची, पुठ्ठ्याच्या कार्डावर खळीने चिकटवायची आणि त्यांवर हिच्या लेकी सोडायच्या. लेकी म्हणजे गांधीलमाशीच्या गोतातला एक किडा, पण केवढा — छापील पूर्णविरामावर बसला तर पूर्णविराम मोठा दिसेल. ही लेक दुसऱ्या किड्याच्या अंड्यात आपलं अंडं घालते. ते अंडं काळं पडतं आणि त्यातून अळीऐवजी नवी लेकच बाहेर येते. बागेतल्या अळीच्या अंड्यांचंही तिने तेच करायचं; अळी जन्मालाच आली नाही तर सफरचंद पोखरणार कोण? एवढी साधी गोष्ट. हिला ती जमवायला अकरा वर्षं लागली.

मी एकदा त्यांना "चिलटं" म्हणालो. हिने माझ्याकडे असं पाहिलं की पुन्हा म्हणणार नाही.

१५ एप्रिल

काम अंगवळणी पडतंय. लेकींची पेटी उघडली की काही उनाड लगेच उजेडाकडे पळतात आणि खिडकीशी मरतात. त्यांचा चुरा संध्याकाळी ब्रशने झाडायचा. ज्या शहाण्यासारख्या कार्डावर राहतात, त्यांना नव्या अंड्यांवर सोडायचं. त्यांच्या पुढे लेकी, त्या लेकींच्या लेकी. मला हे काम आवडायला लागलंय, पण हिला सांगणार नाही. डोक्यावर चढून बसेल.

१९ एप्रिल

आज बागवाल्यांची बैठक. खोऱ्यातले सगळे सफरचंदवाले, आणि समोर त्यांचे अध्यक्ष — आडवा माणूस, आवाजही तसाच. इतकी वर्षं हे लोक दर पंधरवड्याला विष फवारतात. अळीला ते पचायला लागलंय. मधमाश्यांना नाही. आता फळ धरायला मधमाश्यांच्या पेट्या बाहेरून भाड्याने आणाव्या लागतात, आणि मधल्या ओढ्यात बेडूक उरलेला नाही.

हिने काय मागितलं? एक हंगाम. एक हंगाम फवारू नका, माझ्या लेकींना काम करू द्या.

मी मागच्या बाकावर होतो. हिला घरात बोलताना रोज ऐकतो, पण असं नाही. एकही मोठा शब्द नाही, आवाज चढवणं नाही. एकाने विचारलं, "आणि जमलं नाही तर?" ही म्हणाली, "तर तुमचं नुकसान होईल आणि माझ्यावर पुन्हा कुणी विश्वास ठेवणार नाही. दोन्ही खरं आहे." शेवटी अध्यक्ष म्हणाले, "ठीक. एक हंगाम, तुमच्या शब्दावर. पण औषधाचे ड्रम मी गोदामात तयार ठेवणार."

ही शरद ऋतूत निवृत्त होते. हे फसलं तर खोऱ्यात पुन्हा असं काही मागायला कुणी येणार नाही. परत येताना ही गाडीत गुणगुणत होती. मी मात्र मनात ते ड्रम मोजत होतो.

२७ एप्रिल

लेकींची पाठवणी झाली! झाडागणिक एक कार्ड, दोऱ्याने फांदीला. मी म्हटलं, "डोळ्यांत पाणी वगैरे?" ही म्हणाली, "शिडी नीट धरा."

६ मे

पाहणी. विभागप्रमुख स्वतः आले होते. हिचाच जुना विद्यार्थी, आता साहेब झालाय. कार्डाजवळच्या पानांवरची अळीची अंडी मी भिंगातून पाहिली — काळी कुळकुळीत! साहेबांनी फोटो काढले, हिचे हात हातात घेतले. मी खूश. ही पुढच्या फांदीकडे गेली. मग तिच्या पुढच्या. मग त्याच झाडाच्या पलीकडच्या बाजूला.

कार्डापासून हातभर अंतरापलीकडे एकही काळं अंडं नाही. सगळी पांढरी, टवटवीत, फुटायच्या बेतात. दहा झाडं पाहिली. सगळीकडे तेच. ही एका झाडाखाली मातीतच बसली आणि साहेब गाडीतून हॉर्न वाजवेपर्यंत उठली नाही. घरी जेवली नाही.

८ मे

काल हिने काळ्या कागदाची उंच नळी केली. तळाशी लेकींचं कार्ड, वरच्या तोंडाला चिकट लावलेली काच. उजेड फक्त वरून. उडणारी उडून काचेला चिकटेल, न उडणारी खालीच राहील.

आज काच काढून पाहिली. जवळपास रिकामी. खाली नळीच्या तळाशी लेकी नुसत्या फिरत होत्या, निवांत, पंख पाठीवर घडी करून. लेकी सासरी गेल्या आणि उंबऱ्यातच बसल्या.

मग ही बोलायला लागली. माझ्याशी नाही, नळीशी. "ज्या उडाल्या त्या खिडकीत मेल्या. ज्या बसून राहिल्या त्यांनाच मी पुढची अंडी दिली. दहा दिवसांत एक पिढी. अकरा वर्षं. दर पिढीला मी उडणाऱ्या झाडून टाकल्या आणि बसणाऱ्यांची पैदास केली." तिला कुणी फसवलं नव्हतं. कुणाची हयगय नव्हती. एकाच खोलीतली दोन घड्याळं एकमेकांशी जुळवत राहिलं तर दोन्ही बरोबर वाटतात, बाहेर येईपर्यंत पत्ता लागत नाही.

मी म्हणालो, "अगं, कुणाच्या लक्षात आलं नसतं." ती म्हणाली, "माझ्या यायला हवं होतं." चहा करून दिला. प्यायली.

१० मे

विभागप्रमुख खोलीवर आले. दार लावून घेतलं — मी बरणीसारखा मांडणीजवळ उभा, माझ्याकडे लक्ष गेलं नसावं. "मॅडम, कार्डाजवळचे आकडे उत्तम आहेत. त्यात खोटं काहीच नाही. तेवढेच द्या. पुढचं अनुदान येऊ दे, मग सावकाश दुरुस्त करू."

मला तर पटलं होतं! ही म्हणाली, "अरे, अळीला अहवाल वाचता येत नाही."

साहेबांना हसू आवरेना, आणि मग ते गंभीर झाले. जाताना म्हणाले, "तुम्ही बदलणार नाही." तक्रार होती की कौतुक, कळलं नाही. दोन्ही असावं.

१२ मे

बैठक. या वेळी अध्यक्षांच्या गोदामात, खोक्यांच्या थप्प्यांमध्ये. भिंतीशी ते ड्रम. हिने उभं राहून सरळ सांगितलं. माझ्या लेकी उडत नाहीत. चूक त्यांची नाही, माझी आहे. कशी झाली तेही सांगितलं, खिडकी, ब्रश, सगळं.

कुणीतरी म्हणालं, "म्हणजे पांगळ्या?"

"पांगळ्या नाहीत. चालतात. हातभर चालतात."

"मग आम्ही काय करायचं, त्यांना कडेवर घेऊन फिरायचं?"

हसले सगळे. ही म्हणाली, "हो. तेच सांगायला आलेय."

तिचा बेत असा: कार्डांचे बारीक तुकडे करायचे आणि प्रत्येक फांदीवर हाताहाताच्या अंतरावर टांगायचे. त्या उडत नाहीत तर त्यांच्या वतीने आपण शिड्या चढायच्या. यंदापुरतं. पण तेवढी कार्डं सगळ्या बागांना पुरणार नाहीत. एक बाग तशीच सोडावी लागेल. आणि तिथे फवारूनही चालणार नाही, वाऱ्याने विष शेजारी जाईल.

ज्याचं जळतं त्यालाच कळतं, कोण पुढे येणार? मला तर ड्रमांची झाकणं उघडल्याचे आवाज ऐकू यायला लागले होते.

अध्यक्ष म्हणाले, "ओढ्यापलीकडची माझी बाग सोडा."

ही म्हणाली, "तुमची अळी पडेल. नक्की पडेल."

"पडू दे. तीस वर्षं माझ्या दारात औषधवाले येतायत. औषध चाललं नाही की म्हणतात, तुम्हीच नीट फवारलं नाही. स्वतःची चूक सांगायला पहिल्यांदा कुणी आलंय." आणि खुर्च्या उचलायला लागले. त्या आडव्या माणसाबद्दल मी काय काय बोललो होतो! सगळं मागे घेतो.

१९ मे

तुकडे. तुकडे. तुकडे. कात्रीने बोटाला घट्टे.

२३ मे

अख्खं खोरं शिडीवर. बागवाले, त्यांच्या सुना, हिचे विद्यार्थी, खोके भरणाऱ्या बायका. विभागप्रमुखही आले — बूट चकचकीत, दुपारपर्यंत ओळखू येईनात. एका आजीबाईंनी मला विचारलं, "तुम्हीही प्रोफेसर का?" मी म्हटलं, "नाही, मी प्रोफेसरांचा नवरा." आजवर हे सांगताना मी जरा चाचरायचो. आज छाती पुढे काढून सांगितलं.

ही सगळ्यांत उंच झाडावर. खाली उतर म्हटलं तर ऐकू येत नसल्याचं सोंग.

२ जून

कार्डं टांगलेल्या बागांत सगळीकडे काळी अंडी. फांदीच्या टोकापर्यंत! लोक एकमेकांना बोलावून दाखवतात.

मग आम्ही ओढा ओलांडून अध्यक्षांच्या बागेत गेलो. पांढरी अंडी, पानापानावर. मला बघवेना. ही प्रत्येक ओळ पाहत शेवटपर्यंत गेली आणि मग त्यांच्यासमोर उभी राहिली. "वारा नसेल तेव्हा फवारायचं तर फवारा. मी बोल लावणार नाही." ते म्हणाले, "एकदा सांगितलंय ना, मॅडम. चहा घेणार का?"

परतताना हिने मला सांगितलं, लेकींच्या नात्यातली एखादी जात या खोऱ्यातही पूर्वी असणार. हिने काम सुरू केलं तेव्हा वर्षभर शोधूनही एक सापडली नव्हती, फवाऱ्याने गेल्या असाव्यात. म्हणून दूरच्या जंगलातून आणल्या. "आता पुन्हा तिकडे जाऊन उडणाऱ्या आणायला हव्यात," म्हणाली. "पण माझ्या निवृत्तीनंतर कोण जाणार?" हा प्रश्न तिने मला विचारला नव्हता, तरी मी "आपण जाऊ" म्हणून बसलो. गुडघे माझे आणि जीभही माझीच!

९ जून

अध्यक्षांच्या बागेत काही फळांना अळी लागली. मुकादमाने ड्रम बाहेर काढले होते. अध्यक्षांनी परत आत ठेवायला लावले म्हणे. ही दिवसभर जुन्या वह्या चाळत बसली. मी तिला काय देऊ शकतो? जवळ बसून राहिलो.

१४ जून

सकाळीच अध्यक्ष खोलीवर हजर. रुमालात गुंडाळलेली पानं हिच्या टेबलावर पसरली. "मॅडम, तुमच्या लेकी माझ्याकडेही पोचल्या की! फुकटात!"

पानांवर काळी अंडी. एका अंड्यातून लेक नुकतीच बाहेर आली होती. हिने तिला सूक्ष्मदर्शकाखाली धरलं आणि कितीतरी वेळ डोकं वर काढलं नाही. मग मला बोलावलं. आपल्या पिवळ्या, ही काळपट.

"माझी नाही," ही म्हणाली. "माझ्या लेकींना शेजारची फांदी गाठता येत नाही, ओढा कुठून ओलांडणार?"

"मग कुणाच्या या?"

"तुमच्याच. या खोऱ्यातल्या. तुम्ही फवारलं नाही म्हणून परत आल्या."

अध्यक्ष खाली बसले. आणि आमची ही, नळी उघडली तेव्हा न रडलेली, डोळे पुसत हसत सुटली. "अहो," मला म्हणाली, "या लेकींना माझी गरजच नाही!" असं आनंदाने म्हणणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.